मिश्रांचा नियम

दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण सांगलीत, विश्रामबागेतल्या एका दुकानाच्या माळ्यावर जमायचो. खाली आमच्या एका मित्राच्या वडिलांचं खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. रविवारी शटर बंद असलं तरी औषधांचा उग्र वास जिन्यावरून वर यायचा. माळ्यावर चटई, पंखा, फासे आणि कागदांचा ढीग. आम्ही खेळायचो तो गोष्टीचा खेळ. एक जण सूत्रधार होऊन एक काल्पनिक जग उभं करतो, बाकीचे एकेक पात्र घेऊन त्या जगात शिरतात. पात्राला काय जमेल आणि काय जमणार नाही हे नियमांवर आणि फाशांवर ठरतं. सूत्रधार म्हणजे त्या दुकानदाराचाच मुलगा. तो एका पॉलिटेक्निकमध्ये शिकवायचा. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि मिरजेच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला होते. आठवडाभर नळ्या आणि लेबलं बघून डोळे शिणायचे. रविवारची वाट मी शाळकरी पोरीसारखी बघायची.

सुरुवातीला आम्ही नेटवरून काढलेल्या इंग्रजी नियमांवर खेळायचो. त्यातली बर्फाची राज्यं आणि राजवाडे सूत्रधाराला खटकायला लागले. त्यानं स्वतःचं जग मराठीत लिहायला घेतलं. त्या जगात कड्याचे लोक होते, दगडासारखे टणक, उंचावर राहणारे. डोहाचे लोक होते, नदीकाठचे, श्वास रोखून तासभर पाण्याखाली राहू शकणारे. आणखी चार जमाती होत्या. प्रत्येकीचं एक पान, त्यावर ताकद, चपळाई, विश्वास वगैरेचे आकडे. खरं सांगायचं तर काम सुंदर होतं. आम्हाला त्याचा अभिमान वाटायचा.

नवीन पात्रं करायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "माझ्या पात्राची आई डोहाची, बाप कड्याचा."

सूत्रधार पेन खाली ठेवून म्हणाला, "त्याला नियम नाही अजून. लिहायला लागेल."

"नियम कशाला? मी कड्याचं पान घेते. आई डोहाची, एवढं गोष्टीत असू दे."

"असं कसं? मग फरक काय राहिला? आणि उद्या प्रत्येक जण म्हणेल, मला दोन्हीकडचं द्या. ताकद पण आणि श्वास पण. सगळेच मिश्र होतील."

"होऊ देत की."

सगळे हसले. मीही हसले. विट्याचा एक मित्र आमच्यात होता. त्याच्या वडिलांचं दक्षिणेतल्या एका शहरात सोनं गाळायचं गलाईचं दुकान, त्यामुळं तो दहावीपर्यंत तिकडंच वाढलेला. तो म्हणाला, "मग माझं काय रं? आई-बाप दोघं कड्याचे, पण पोरगं वाढलं डोहात. तिकडं मला मराठीवाला म्हणायचे, इथं आलो तर मद्रासी. मला कुठलं पान देतोस?"

"तुला कड्याचंच," सूत्रधार म्हणाला. "रक्त कड्याचं आहे ना."

विट्याच्या मित्रानं कड्याचं पान ओढून घेतलं. रोज रक्त बघणारी मी होते, आणि मीही ते चालू दिलं.

त्याच आठवड्यात सूत्रधार गाडी घेऊन मिरजेला आला. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये आम्ही चहा घेतला. "मला ते पान नीट लिहायचंय," तो म्हणाला. "तुझ्या घरचं थोडं माहीत आहे मला. बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर राहू दे."

मी बोलले. माझी आई सांगलीजवळच्या एका गावातल्या जैन शेतकऱ्याची मुलगी. बाप साताऱ्याकडचा मराठा, फौजेत. दोघं सांगलीत कॉलेजला होते आणि त्यांनी आपलं आपण लग्न केलं. आईच्या माहेरी कांदा-लसूणसुद्धा नाही, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली. आमच्या घरी बाबा सुट्टीवर आले की मागच्या पडवीत वेगळ्या शेगडीवर मटण शिजवायचे. आई तिकडं फिरकायची नाही, मी मात्र बाबांच्या मांडीला टेकून खायची.

उन्हाळ्यात आईच्या माहेरी गेलं की माझं ताट वेगळं असायचं. तिथल्या सगळ्या भांड्यांवर आजोबांचं नाव ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं होतं, वाट्यांवर, चमच्यांवरसुद्धा. माझं ताट तेवढं कोरं. ते स्वयंपाकघरातल्या मांडणीत नसायचं, मागच्या धुण्याच्या दगडाजवळ उंच फळीवर असायचं. मामेभावंडं आत पाटावर बसायची, मी मागच्या ओट्यावर. आजी दुष्ट नव्हती. पोळीवर तूप जास्तच घालायची. पण वरून, हात लांब ठेवून, ताटाला वाटी लागणार नाही असं वाढायची.

आणि साताऱ्याकडं? मी नऊ वर्षांची असताना बाबांच्या गावच्या जत्रेला गेलो. पंगत बसली, रश्शाचा वास सुटला होता. वाढपी माझ्यापाशी आला तशी आत्या लांबूनच ओरडली, "हिला वाढू नगा, ही जैनाची हाय. आमटी आणा हिला." मी म्हटलं, मी खाते. आत्या हसली आणि शेजारणीला म्हणाली, "पोर लाजती बघ." मी आमटी-भात खाल्ला. आईच्या माहेरी मी मटण खाणारी होते आणि बाबांच्या गावी जैन.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्यानं काही लिहून घेतलं नाही, मध्ये बोलला नाही, चहा गार करून ऐकत बसला. इतकं सलग मी कुणाजवळ कधी बोलले नव्हते. त्या दिवशी लॅबमध्ये परत गेले तेव्हा मला हलकं वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

तीन रविवारांनी त्यानं पान वाचून दाखवलं. वर शीर्षक होतं, 'मिश्र'. कड्याची निम्मी ताकद. डोहाचा निम्मा श्वास. विश्वास दोन्हीकडे उणे दोन. गप्प राहिल्यास मिश्र पात्र कुठल्याही बाजूचं म्हणून खपून जाऊ शकतं, पण दर वेळी फासा टाकावा लागेल. आणि मग, "डोहाच्या घरात मिश्राला ओट्यावर बसवतात. त्याची वाटी वेगळी असते, तिच्यावर घराची खूण नसते. कड्याच्या पंगतीत त्याला शिकार वाढत नाहीत."

"भारी लिहिलंयस," कुणीतरी म्हणालं. "अंगावर काटा आला."

सूत्रधारानं माझ्याकडं बघून मान हलवली, मला काहीतरी दिल्यासारखी. तो ओटा माझ्या आजीचा होता. पण चारचौघांत काय बोलणार? मी पात्र लिहून काढलं आणि खेळायला बसले.

दोन-तीन रविवार बरे गेले. मग गोष्टीत आमची टोळी डोहाच्या एका वस्तीत पोचली. तिथं माझ्या पात्राचं आजोळ होतं. सूत्रधार म्हणाला, "फासा टाक. आठाच्या वर गेलीस तर आत." माझे नऊ पडले. "उणे दोन," तो म्हणाला, "सात. तू ओट्यावर. आजी वेगळी वाटी आणते."

कुणीतरी 'अरेरे' केलं. विट्याच्या मित्राचं पात्र कड्याचा एक योद्धा होतं. तो जरा पुढं सरकला आणि म्हणाला, "मी माझं ताट उचलतो. बाहेर जाऊन तिच्यापुढं ठेवतो. तिच्यासंगं जेवतो."

सूत्रधारानं पान उलटून बघितलं. खरंच बघितलं, बोट फिरवत. "नाही चालत," तो म्हणाला. "डोहाच्या घरात पाहुण्याला तसं करता येत नाही. नियमात बसत नाही."

"मग फासा तरी टाकू दे."

"यावर फासा नाही."

मी कागद मिटला आणि म्हणाले, "हे पान काढ."

"का?"

"काढ म्हणते ना. मिश्रांना कड्याचं म्हण, डोहाचं म्हण, काहीही म्हण. त्यांना वेगळा नियम नको."

"अगं, पण हे खरं आहे," तो म्हणाला. आवाज न चढवता, वर्गात समजावतो तसा. "तूच सांगितलंस. मी हे झाकून टाकू? सगळं गोड आहे म्हणून लिहू? लोकांना कळायला नको?"

"मी सांगितलं ते माणसांनी केलेलं होतं. माणसं कधीतरी वेगळंही करतात. माझ्या धाकट्या मामीनं एकदा मला आतलं ताट दिलं होतं. आजोबांच्या नावाचं. ती लग्न होऊन नुकतीच आली होती. आजीनं बघितलं आणि ती काही बोलली नाही. त्या दिवशी मी पाटावर बसून जेवले. तुझ्या पानात ती मामी कुठाय? तुझ्या पानात कुणाच्या मनात आलं तरी कुणी कुणाला ताट देऊ शकत नाही. तू त्याचा निसर्ग करून टाकलास, कड्याची ताकद आणि डोहाचा श्वास असतो तसा."

"एका मामीवर नियम लिहिता येत नाही," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "तू हे फार मनाला लावून घेतेयस. खेळ आहे हा."

जिन्यापर्यंत विट्याचा मित्र माझ्यामागं आला. "आवं, थांबा तरी," असं अहोजाहो करत त्यानं चेष्टेवर न्यायचा प्रयत्न केला. मी थांबले नाही. त्यानंतर मी त्या माळ्यावर कधी गेले नाही. काही महिन्यांनी सूत्रधाराचं ते जग नियमांसकट पुस्तक म्हणून छापून निघालं. पुण्यात असे खेळ खेळणाऱ्यांचा मेळावा भरतो, तिथं त्याचं कौतुक झालं. मिश्रांच्या पानाचं विशेष. किती प्रामाणिक, किती धाडसी, असं लोकांनी लिहिलं. कोऱ्या वाटीचं चित्रही काढून घेतलं होतं. आभाराच्या यादीत 'एक मैत्रीण' होती.

साताऱ्याला घरी गेले होते तेव्हा हे मी आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. खेळ तिला नीटसा कळला नाही, पण ताटाचं नाव निघालं तसे तिचे हात थांबले.

"ते ताट त्यांचं नव्हतंच," ती म्हणाली. "मी नेलं होतं. इथनं, मोती चौकातनं घेऊन."

मला आधी कळलंच नाही.

"लग्नानंतर मला दार बंद होतं. तू चार वर्षांची झालीस तेव्हा माझ्या आईचा फोन आला. ये म्हणाली. आणि मग गप्प बसली. मला कळलं ती काय विचारणार ते. तिनं विचारायच्या आत मीच म्हणाले, पोरीचं ताट मी आणते, वेगळं ठेवा. ती मागं बसंल. तिनं म्हटलं असतं तर मला रागवता तरी आलं असतं. मीच म्हणाले."

"त्याच्यावर नाव का नाही घातलंस?"

"कुणाचं घालणार होते?" आई म्हणाली.

मेथीची एक जुडी संपली. ती दुसरी सोडायला लागली. मी म्हटलं, मामीनं तर दिलं होतं आतलं ताट, आजी काही बोलली नव्हती.

"तुझ्यासमोर नाही बोलली. नंतर दोन वर्षं बोलावणंच आलं नाही. तुला सांगितलं, परीक्षा हाय, क्लास हाय." ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला माझ्या आईकडं जायचं होतं गं. त्यासाठी जे लागंल ते मी कबूल केलं. तुला त्रास झाला असंल. पण नाहीतर तू त्या घराची पायरीसुद्धा बघितली नसतीस."

मी चिडले नाही. चिडायला समोर कुणीतरी लागतं, आणि समोर माझी आई पाय दुमडून बसली होती, पन्नाशी उलटलेली. त्या दिवशी मला एवढंच वाटलं की पुस्तकातला तो नियम आधी माझ्या आईनं लिहिला होता, फोनवर, आणि तिच्यापुढं दुसरा कागद नव्हता. तरीही मी मामीला धरून राहिले. बाकी सगळ्यांनी काही ना काही कबूल केलं, मामीनं केलं नाही, असं मी स्वतःला सांगत राहिले.

दीड-दोन वर्षांनी धाकट्या मामाला मिरजेला आमच्याच हॉस्पिटलात आणलं. छातीत दुखत होतं. रक्त घ्यायला मीच वॉर्डात गेले. मामानं मला ओळखलं, हसला, हात पुढं केला. मामी बाहेर बाकावर बसली होती. जाड झालेली, चष्मा लागलेला. तिनं माझा हात धरून शेजारी बसवलं, तब्येत विचारली, लग्नाचं विचारलं. बोलता बोलता मी म्हणाले, "मामी, तुम्ही एकदा मला आतलं ताट दिलं होतं. मी कधी विसरले नाही."

"व्हय? कवा?" तिला आठवायला वेळ लागला. मग ती एकदम हसली. "अगं बाई, ते व्हय! मी नवीन. मला कोण काय सांगतंय? फळीवर हात पोचला न्हाई, समोर हुतं ते ताट घेतलं. लय बोलणी खाल्ली बघ तुझ्यापायी. चार दिवस सासूबाई माझ्याशी बोलल्या न्हाईत. ते ताट पण निखाऱ्यात टाकून शुद्ध करून घेतलं."

माझ्या हातात मामाच्या रक्ताच्या नळ्या होत्या. मी विचारायला नको होतं, तरी विचारलं, "माहीत असतं तर दिलं नसतं?"

तिनं खरोखर विचार केला. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता. "न्हाई बाळ," ती म्हणाली. "नव्या सुनेनं कसं द्यायचं?"

मी उठले. नळ्यांना लेबलं लावायची होती. मामा चौथ्या दिवशी घरी गेला, आता बरा आहे. मामीनं जाताना मला घरी ये म्हणून बजावलं. मी हो म्हणाले. अजून गेलेली नाही.

'मामीनं आतलं ताट दिलं' या ज्या वाक्याच्या आधारावर मी माळ्यावरून उठून आले होते, ज्यावर एक मैत्री मोडली, त्याच्या खाली काही नव्हतंच. मामीच्या हाताची उंची कमी पडली, एवढंच. तरी सूत्रधार बरोबर होता असं मला म्हणवत नाही. त्याला मामीचं खरं माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. विट्याच्या मित्राला मात्र सगळं माहीत होतं. त्यानं नियम ऐकला होता, आकडे बघितले होते, आणि तरीही तो ताट उचलायला निघाला होता. आम्हीच त्याला खाली बसवलं. मीसुद्धा, कारण कागद मिटून मी भांडायला लागले. 'जा, ठेव तिच्यापुढं' असं म्हणायला हवं होतं.

गेल्या वर्षी त्या पुस्तकाची नवी आवृत्ती आली. विट्याच्या मित्रानं फोनवर पानाचा फोटो पाठवला. 'मिश्र' हे शीर्षकच गेलं होतं. तिथं चार ओळी होत्या. आई-वडील वेगवेगळ्या जमातींचे असतील तर कुठलंही एक पान निवडा, बाकीचं तुम्ही आणि तुमचा सूत्रधार मिळून ठरवा. उणे दोन नाही, ओटा नाही, वाटी नाही. लोकांनी म्हणे तक्रारी केल्या होत्या. परदेशातल्या मोठ्या खेळांनीसुद्धा असे नियम काढून टाकले, म्हणून यानंही काढले.

मी त्या माळ्यावर मागितलं होतं ते अगदी हेच. शब्दसुद्धा जवळपास तेच. मी तो फोटो मोठा करून दोनदा वाचला आणि मला कसला म्हणजे कसलाच आनंद झाला नाही. मी मागितलं तेव्हा तो मनाला लावून घेण्याचा प्रकार होता. अनोळखी लोकांनी मागितलं तेव्हा ती सुधारणा झाली. आणि आता ते पान इतकं स्वच्छ झालं होतं की माझी आई मोती चौकात ताट घ्यायला गेली होती, हे त्यात कुठंच बसलं नसतं.

दोन दिवसांनी सूत्रधाराचाच मेसेज आला. पाच वर्षांत पहिला. "नवीन आवृत्ती बघितलीस? तुझं म्हणणं पटलं शेवटी."

मी पुष्कळ काही लिहिलं आणि पुसलं. आईचं लिहिलं, ते पुसलं. मामीचं लिहिलं, ते तर लगेच पुसलं. एकदा त्याला कँटीनमधल्या गार चहाची आठवण करून दिली, मला न विचारता तू ते छापलंस असं लिहिलं, तेही पुसलं. शेवटी "चांगलं झालं" एवढं पाठवलं.

त्यानं उत्तरात अंगठा पाठवला. मी फोन टेबलावर उलटा ठेवला आणि पुढचा पेशंट आत बोलावला.